सोमवारी झाडलेलं अंगण

१

मंगळवारी सकाळी लॉन्झो मॅब्रीने पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेली पेटी उघडली, आत हात घातला, आणि बराच वेळ तो हात बाहेर काढलाच नाही.

"नाही इथे," तो शेवटी म्हणाला.

व्हर्डेल टॉलिव्हर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गुडघ्यांमुळे ती हल्ली जिथे जाईल तिथे आधी टेकायला जागा बघायची. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने वस्तू खालीवर केल्या असतील असं धरून तिने स्वतः पेटी उपसली. जुने फोटो निघाले. लॉन्झोचे आजोबा फेरो मॅब्री यांनी १८८९ साली घेतलेल्या एकशेवीस एकरांचं खरेदीखत निघालं. बायकोची लग्नातली टोपी निघाली. मॅब्रींचं बायबल मात्र नव्हतं, आणि ते गुंडाळायची पिठाची पिशवीही नव्हती.

शुक्रवारी कोर्टात तारीख होती. लॉन्झोचा बाप एनॉक मृत्युपत्र न करताच गेला होता. आपल्या काळ्या लोकांत जुनी माणसं कागद करत नसत, कारण कागद करायला गोऱ्यांच्या कचेरीत जावं लागे आणि तिथे गेलेली जमीन परत आलेली कुणी पाहिली नव्हती. आता एनॉकच्या तीन मुलांचे सारखे वाटे. थोरला हॉलिस डेट्रॉइटला जाऊन तिथेच वारला, आणि त्याची मुलगी शार्मेन हिने वाटणीचा दावा लावला. मधली झेनोबिया, वय चौऱ्याऐंशी, रस्त्यापलीकडे राहायची. धाकटा लॉन्झो, ज्याने ही जमीन पंचावन्न वर्षं एकट्याने नांगरली. तिघेही घरीच सुइणीच्या हाती जन्मलेले, त्यामुळे जन्माचा दाखला कुणाचाच नाही. नोंद होती ती फक्त त्या बायबलच्या मधल्या पानांवर.

वकीलबाईंनी सरळ सांगितलं होतं. पुस्तक असेल तर उत्तम. नसेल तर घरातल्या सगळ्यात वडील माणसाने शपथेवर सांगावं, न्यायाधीश तेही धरतील, पण पुस्तक ते पुस्तक. लॉन्झो आणि झेनोबिया मिळून दोन वाटे, म्हणजे ऐंशी एकर, घरासकट एका तुकड्यात राखता येतील. लॉन्झो मुलगा म्हणून उभा राहिला नाही, तर ज्या घरात तो आयुष्यभर राहिला ते त्याचं नव्हे.

व्हर्डेलने चौतीस वर्षं या रस्त्यांवर टपाल वाटलं होतं. निवृत्त झाल्यावर पाय वर करून बसायचं ठरवलं होतं, तर माउंट निबो चर्चच्या बायकांनी तिला कमिटीत ओढलं. काउंटीतल्या आपल्या लोकांच्या जमिनी कशा झाल्या, कुणी कशा राखल्या, ते म्हाताऱ्यांच्या तोंडून टेपवर घ्यायचं काम. यादीत तेवीस नावं होती. त्यातली अकरा, ती टेप घेऊन पोचायच्या आतच, मातीखाली गेली होती.

"शेरिफला सांगू नकोस," लॉन्झो म्हणाला. "तूच शोध, पोरी. तू लोकांची हरवलेली पत्रं शोधून द्यायचीस."

"पत्रावर पत्ता असतो, मिस्टर लॉन्झो."

ती थकून बाहेर ओसरीवर आली आणि खुर्ची ओढता ओढता थांबली. समोर मॅब्रींचं अंगण होतं. गवताचं पातं नसलेलं, जुन्या पद्धतीचं मातीचं अंगण, दर शनिवारी खराट्याने झाडलेलं. रविवारी चर्चनंतर इथे चौदा माणसं जेवली होती. तिच्या काठीचीच शंभर भोकं या मातीत पडली असतील.

आज त्यातलं एकही नव्हतं. तिची आत्ताची पावलं आणि लॉन्झोच्या बुटांची घराकडे येणारी एकच रांग सोडली, तर अंगण आरशासारखं स्वच्छ होतं.

"काल झाडलंत का?" तिने विचारलं.

"सोमवारी कोण झाडतं?" लॉन्झो म्हणाला. "मी काल दिवसभर गुऱ्हाळावर होतो. काकवी उतरवत होतो."

२

म्हणजे चोर अंगणातून चालत आला, पेटी उघडून बायबल घेतलं, आणि जाताना खराटा उचलून आपली पावलं पुसत गेला. व्हर्डेलने ओसरीच्या पायरीवर बसून त्या रेघा पाहिल्या. लॉन्झो झाडायचा ते नांगर धरल्यासारखं, घरापासून फाटकापर्यंत सरळ. या रेघा सरळ नव्हत्या. एकात एक अडकवलेले अर्धचंद्र होते, घोड्याच्या नालांसारखे, अगदी कुंपणापर्यंत. म्हाताऱ्याच्या नजरेस ते आलं नव्हतं. स्वच्छ अंगण त्याला बरोबरच दिसत होतं.

पहिला संशय जाणार तो पर्सेलवर, म्हणून ती आधी त्याच्याकडे गेली. पर्सेल लाकडाचा व्यापारी, गोरा, वयाने तिच्या निम्मा. मॅब्रींच्या ओढ्याकाठच्या झाडांवर त्याचा केव्हापासून डोळा. तो पेट्रोल पंपावर कॉफी पीत उभा होता.

"कशी आहेस, व्हर्डेल?" तो म्हणाला. नावाआधी मिस लावायची त्याच्या घरात सवय नव्हती.

ती म्हणाली, बरी आहे, मिस्टर पर्सेल, आणि सोमवारी मॅब्रींकडे गेला होतात का. तो म्हणाला, गेलो होतो की. अकराच्या सुमारास फाटकाशी हॉर्न वाजवला, कुणी बाहेर आलं नाही, तेव्हा फाटकाच्या तारेत आपलं कार्ड खोचून निघालो. आत पाय ठेवला नाही, कारण म्हातारा एकदा बंदूक घेऊन आला होता.

"अंगण कसं दिसत होतं?"

त्याला प्रश्न कळला नाही. मग आठवून म्हणाला, "कसं म्हणजे? जत्रा होऊन गेल्यासारखं. पावलंच पावलं. तुम्ही लोक गवत का लावत नाही?"

कार्ड फाटकाला अजून होतं, ते तिने येतानाच पाहिलं होतं. ज्याला गवत का नाही हे माहीत नाही, तो माणूस खराटा हातात घेऊन माती झाडत बसणार नाही. त्याला पावलं लपवायचं सुचलं असतं तरी त्याने ती बुटाने फासली असती. आणि पर्सेल पेटीपर्यंत गेला असता, तर त्याने खरेदीखत नेलं असतं, बायबल नव्हे.

तेव्हा अंगण झाडलं गेलं सोमवारी अकरानंतर, दिवसाढवळ्या. आणि झाडणारं माणूस अशाच अंगणात वाढलेलं होतं. म्हणजे आपल्यातलं. व्हर्डेलला हे कळलं आणि आणखीच थकवा आला, कारण परका निघाला असता तर निदान कुणाच्या घरी जाऊन कुणाचं तोंड बघावं लागलं नसतं.

३

शार्मेन गावाबाहेरच्या मोटेलात उतरली होती. पन्नाशीची, ताठ मानेची बाई, डेट्रॉइटच्या बस डेपोत कारकून. तिने व्हर्डेलला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

बायबल गेल्याचं ऐकून ती खाली बसली.

"तुम्हाला वाटतंय मी नेलं," ती म्हणाली.

"मला काही वाटत नाही. मी विचारत फिरते."

"मिस व्हर्डेल, लहानपणी तीन उन्हाळे मला इथे पाठवलं होतं. ते अंगण झाडून माझ्या हाताला फोड आलेत. मला ते घर आवडत नाही आणि ती माती आवडत नाही. मला माझ्या बापाचा वाटा हवा आहे, विकायला हवा आहे, आणि ते मी तोंडावर सांगते. पण पुस्तक नेऊन मी काय करू? माझ्या बापाचंही नाव त्यातच आहे. ते नसेल तर एनॉक मॅब्रीची मी नात, हे कशावरून सांगू?"

व्हर्डेलने विचारलं, मग आता कशावरून सांगणार.

"आंटी झेनोबियाच्या शपथेवर. वकील म्हणाला, आता तिच्या तोंडून निघेल ते खरं. आणि तिला मी डोळ्यांसमोर नको असते." शार्मेनने खिडकीबाहेर पाहिलं. "ते पुस्तक सापडलं तर माझंही भलं आहे. शोधा तुम्ही."

व्हर्डेल गाडीत येऊन बसली. किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही. ज्याला ज्याला जमीन हवी, त्याला ते पुस्तक हवं होतं. मग जमिनीसाठी ते कुणी चोरलंच नव्हतं. त्यात दुसरं काहीतरी होतं.

४

दुसरं काय होतं, हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं. ग्वेन नावाची मुलगी, अटलांटाच्या विद्यापीठातून आलेली, कमिटीच्या टेप नीट लावून ठेवायला. तिला ते बायबल संग्रहात हवं होतं आणि लॉन्झोने दोनदा नाही म्हटलं होतं, त्यामुळे संशय तिच्यावरही होताच. पण रविवारी हीच मुलगी ओसरीवर उभी राहून विचारत होती की इथे फुलझाडं का लावत नाहीत.

ग्वेन जुन्या शाळेच्या इमारतीत खोक्यांमध्ये बसली होती. बायबलचं ऐकून तिचे डोळे भरून आले, तेव्हा व्हर्डेलला तिच्याबद्दल जरा बरं वाटलं. मग ती मुलगी चोरासारखी म्हणाली, "मी एक केलंय. रविवारी जेवणाआधी मिस्टर लॉन्झोंनी ते दाखवायला काढलं, तेव्हा मी जन्माचं पान उघडलं. त्यांना न विचारता."

"काय पाहिलंस?"

"नीट वाचलं नाही. पण एक गंमत होती. बाकीचे जन्म एकेका ओळीत. नाव आणि तारीख. शेवटचा जन्म मात्र चार ओळींचा. एवढं काय लिहिलंय म्हणून मी वाकले, तर मिस झेनोबियांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. म्हणाल्या, पोरी, तुझ्या बोटांना तेल लागलंय, पान खराब होईल."

"लागलं होतं?"

"मी तोपर्यंत जेवलेच नव्हते," ग्वेन म्हणाली.

शेवटचा जन्म म्हणजे धाकट्याचा. लॉन्झोचा. आणि लॉन्झोने ते पान आयुष्यात वाचलेलं नव्हतं, हे व्हर्डेलइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. छापील अक्षरं तो बोट ठेवून लावायचा, पण हाताने लिहिलेलं त्याला वाचता येत नसे. नवव्या वर्षी शाळा सुटली आणि नांगर हाती आला. चौतीस वर्षं त्याची पत्रं टपालपेटीशी गाडी थांबवून तिनेच वाचून दाखवली होती. वाचून झाल्यावर तो ते पत्र हातात घेऊन थोडा वेळ बघत उभा राहायचा, कुणी पाहत असेल तर दिसावं म्हणून.

५

बुधवारी यादीतलं बारावं नाव मातीखाली गेलं. एमस टीग, वय त्र्याण्णव. व्हर्डेल त्याच्याकडे पुढच्या सोमवारी जाणार होती. चर्चच्या मागच्या दफनभूमीत ती उभी राहिली, सगळ्यांबरोबर म्हटलं ते म्हटलं, आणि माणसं जेवायला आत गेली तरी तशीच उभी राहिली. तिला आत जाऊन चिकन खायची इच्छा नव्हती. टीगची सत्तर एकर कशी वाचली, ती गोष्ट आता कुणालाच माहीत नव्हती, आणि या विचाराने तिला रडायला येत होतं.

माउंट निबोच्या कबरींवर गवत ठेवत नाहीत. प्रत्येक घराने आपल्या माणसांची जागा खरवडून, झाडून लख्ख ठेवायची. टीगांची जागा कशीबशी झाडलेली होती. शेजारी मॅब्रींची.

व्हर्डेल जवळ गेली. एनॉकची कबर, त्याची बायको महालाची कबर, आणि त्यांना लागूनच दगड नसलेली, नाव नसलेली एक तिसरी. कमिटीच्या नकाशात तिने स्वतःच त्या जागी ‘माहीत नाही’ असं लिहिलं होतं. त्या नाव नसलेल्या कबरीवर निळ्या काचेचा एक कप पालथा घातलेला होता, धूळ पुसलेला. आणि तिन्ही कबरींभोवती, दर शनिवारी होत असेल तसं, खराटा फिरलेला होता.

एकात एक अडकवलेले अर्धचंद्र. घोड्याच्या नालांसारखे.

या जागेवर कोण झाडतं, हे चर्चमध्ये लहान पोरालाही माहीत होतं.

६

झेनोबियाचं अंगण दहा वर्षांपूर्वी तिच्या मुलाने हिरवळ लावून सजवलं होतं. तेव्हापासून खराटा फिरवायला तिला फक्त कबरीच उरल्या होत्या. ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. व्हर्डेलने समोर बसून अर्धा ढीग आपल्याकडे ओढला. 

मग व्हर्डेलने सांगायला सुरुवात केली, न चिडता, एकेक करून. खरेदीखत हलवलेलं नाही, म्हणून चोराला जमीन नको होती. अंगण झाडलेलं होतं, म्हणून चोर झाडलेल्या अंगणात वाढलेला. पर्सेल आणि ती अटलांटाची मुलगी यातून सुटली. उरली शार्मेन, पण तिला पुस्तक मिस्टर लॉन्झोंइतकंच हवं होतं. आणि तिला तो खराटा कधी जमलाच नव्हता. शेवटच्या जन्माच्या चार ओळी होत्या, आणि तुम्ही त्या न जेवलेल्या मुलीच्या बोटांना तेल लावलंत. पुस्तक नसेल तर कोर्ट शपथ कुणाची घेणार, तर घरातल्या सगळ्यात वडील माणसाची. म्हणजे पुस्तक गेल्याने एकाच माणसाचं काम होत होतं.

"एवढं करून तुम्ही नुसत्या निघून गेला असतात, तर मला काही कळलं नसतं," ती म्हणाली. "रविवारच्या त्या पावलांत तुमची कोण ओळखणार होतं? मिस झेनोबिया, झाडलंत कशाला?"

झेनोबियाने हातातली शेंग खाली ठेवली.

"माझ्या लक्षातच आलं नाही," ती म्हणाली. "आईच्या अंगणातून पावलं तशीच टाकून मी कधी निघालेच नाही. पुस्तक काखेत होतं आणि खराटा भिंतीशी होता. हाताने घेतला."

ती उठली, पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, आणि पिशवीत गुंडाळलेलं बायबल टेबलावर ठेवलं. व्हर्डेलने पान उघडलं. महाला मॅब्रीचं अक्षर मोठं आणि ठसठशीत होतं. हॉलिस, तारीख. झेनोबिया, तारीख. आणि मग त्या चार ओळी.

झेनोबियाने सांगितलं, ती तेव्हा पाच वर्षांची होती. एक बाई कापसातून चालत आली, कडेवर दोन वर्षांचं पोर. पलीकडच्या गोऱ्याच्या मळ्यावर कर्जापायी अडकलेली, तिथून पळाली होती आणि अंगात ताप होता. मागच्या खोलीत तीन दिवस जगली. चौथ्या दिवशी मळ्याचा माणूस पोर मागायला आला, कारण ते मोठं झालं की कामाला लागणार होतं. महालाने ते पोर मांडीवर घेतलं आणि सांगितलं, हे माझं आहे. हे खोटं तिने गावाला सांगितलं, चर्चला सांगितलं, आणि पोरालाही तेच सांगितलं. ज्या मोजक्या माणसांना खरं ठाऊक होतं, ती मरेपर्यंत बोलली नाहीत. बायबलात मात्र खोटं लिहायचं नसतं, म्हणून तिथे खरं लिहिलं आणि पुस्तक पेटीत ठेवलं.

"कायद्याने तो कुणी नाही," झेनोबिया म्हणाली. "दत्तकाचा कागद कुणी केला होता? कोर्टातल्या बायबलवर हात ठेवून खोटं सांगायला मी तयार होते, व्हर्डेल. तो माझा भाऊ, बस. पण हे समोर ठेवलं असतं तर याच्यावर हात ठेवून मला बोलता आलं नसतं. आणि जाळायला गेले तर जाळवेना. आईचं अक्षर आहे."

"आता काय करायचं?"

"मला विचारू नकोस. मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, मला कंटाळा आलाय हे सांभाळायचा." तिने पुस्तक व्हर्डेलकडे सरकवलं. "त्याची पत्रं तूच वाचतेस. मला माहीत आहे. हेही तूच वाच."

७

गुरुवारी दुपारी लॉन्झो ओसरीवर बसला होता. पुस्तक पाहून तो उठला, दोन्ही हातांनी ते घेतलं आणि मांडीवर ठेवलं. कुणी नेलं होतं, ते त्याने विचारलं नाही. व्हर्डेलनेच सांगितलं. मग म्हणाली, यात तुमच्याबद्दल काही लिहिलंय. वाचू का. नाही वाचलं तरी चालेल. मी, मिस झेनोबिया आणि ही पिशवी, एवढ्यांनाच ठाऊक आहे.

"वाच," तो म्हणाला.

तिने सावकाश वाचलं. "लॉन्झो. वय दोन वर्षं. तीन मार्च एकोणीसशे सतरा रोजी आमच्या घरी आला. डेल्फी क्रम हिचा मुलगा, ती सहा मार्चला आमच्या मागच्या खोलीत वारली. तिला आमच्यात पुरलं. तिने मागितलं म्हणून, आणि आम्हाला हवा होता म्हणून, आजपासून हा आमचा."

लॉन्झोने पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा वाचलं.

"त्या कबरीवर मी एकदा चढलो होतो," तो म्हणाला. "पेकानच्या झाडाची फळं झोडपायला. आईने मला कानाखाली मारली. जन्मात एकदाच मारलं तिने. आणि मग स्वतःच रडत बसली. मला वाटायचं, माझ्या उद्धटपणाने रडली."

व्हर्डेलला त्याचा हात धरावासा वाटला आणि तिने तो धरला.

थोड्या वेळाने तो व्यवहारावर आला. शेतकरी माणूस, त्याला किती जाणार ते कळायला हवं होतं. तिने सांगितलं. पुस्तक उद्या दाखवलं नाही तर तिघे वारस, तुमचे दोघांचे मिळून ऐंशी एकर. दाखवलं तर दोघेच वारस, झेनोबिया आणि शार्मेन, निम्मे-निम्मे. झेनोबिया म्हणते, तिचे साठ घरासकट ती दुसऱ्याच दिवशी तुमच्या नावावर करेल.

"म्हणजे वीस एकर जाणार."

"वीस."

"ओढ्याकडचे. ते पर्सेल घेणार आणि झाडं पाडणार."

"बहुतेक."

लॉन्झोने शेताकडे पाहिलं. त्या वीस एकरांवर त्याने दोनदा कापूस बुडालेला पाहिला होता आणि पाच पोरांना पोहायला शिकवलं होतं. त्याला ती जमीन सोडवत नव्हती, हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं.

"तू ते टेपवर सगळ्यांच्या गोष्टी घेत फिरतेस," तो म्हणाला. "माझी घेतलीस तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"मॅब्रींचा माणूस दुसऱ्याच्या शेतावर कधी राबला नाही."

"ती बाई दुसऱ्याच्या शेतावर राबत होती. तिथून मला उचलून इथवर चालत आली, ताप अंगात असताना. आणि त्या कबरीत कुणी मोलकरीण असेल असं मी समजत होतो, इतकी वर्षं." त्याने पुस्तक मिटलं. "उद्या हे घेऊन ये."

"मिस्टर लॉन्झो, विचार करा. एकदा दाखवलं की परत झाकता येणार नाही."

"आई खोटं बोलली ती मला वाचवायला. मी वाचलो. आता कोण येणार आहे मला न्यायला?"

८

शुक्रवारी कोर्टात फार वेळ लागला नाही. न्यायाधीशांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. वाटणी करताना कोणती बाजू हवी असं विचारल्यावर शार्मेन म्हणाली, ओढ्याकडची, घर त्यांना राहू द्या. तिला घर नकोच होतं, त्यामुळे हे तिने मायेने म्हटलं की नाही हे कुणी ठरवलं नाही. झेनोबियाने पुस्तकावर हात ठेवला आणि खरं सांगितलं.

मग खाली कचेरीत, झेनोबियाचे साठ एकर लॉन्झोच्या नावावर करायचा कागद. खिडकीमागे तरुण गोरा कारकून होता, जेवायच्या सुट्टीला दहा मिनिटं उरलेली. त्याने लॉन्झोचं नाव, वय, पत्ता लिहून घेतला.

"आईचं नाव?"

"महाला मॅब्री आणि डेल्फी क्रम," लॉन्झो म्हणाला.

"एकच सांगा. एकच ओळ आहे."

व्हर्डेल मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता पुढे व्हावं, चौतीस वर्षं झाली तसं त्याच्या वतीने बोलावं. पण लॉन्झोने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकली, आणि कारकुनाने छापील कागद त्याच्यासमोर धरला तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत ती वाचली.

"ओळ लहान आहे," तो म्हणाला. "दुसरा कागद आणा. मी थांबतो."

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. मागे रांगेत चार माणसं होती. लॉन्झो हलला नाही. शेवटी तो मुलगा उठला आणि आतल्या खोलीत कागद शोधायला गेला.